पायाळूच्या घरातलं मशीन

कमरेला वीज लावून घ्यायचं मशीन माझ्या घरात आलं ते मुलामुळे. माझ्या कमरेचं मी बघतो असं मी त्याला सांगितलं होतं. पण शिकलेली माणसं ऐकत नाहीत, ती फोन काढतात.

मी चौथी पास. उमेदीची सगळी वर्षं मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात घालवली. लोखंडी आकडा लावून लादी ओढायची, फळीवर चढवायची, बोटीवाल्यांच्या टेम्पोत लोटायची. बर्फ कमरेत शिरतो. डॉक्टर म्हणतात असं काही नसतं. डॉक्टरने कधी लादी ओढलेली नाही.

गेल्या दिवाळीला मुलगा मुंबईहून आला होता. सकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, पाण्याची कळशी उचलायला मी वाकलो आणि तिथेच राहिलो. धड खाली नाही, धड वर नाही. शेवटी दोन्ही हात जमिनीला टेकले आणि गुरासारखा चालत ओसरीपर्यंत आलो. मुलगा पायरीवर दात घासत उभा होता. तोंडात फेस, म्हणून त्याला लगेच बोलता आलं नाही. चूळ भरून मग म्हणाला, "बाबा, असं नाही चालायचं. मी शिमग्याला येईन. तोपर्यंत तुम्ही सरळ उभे राहायला लागलात तर ठीक. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर चलायचं. उद्या विहिरीवर असे अडकलात तर कोणाला कळणार?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

त्याचं घर मी बघितलंय. चौथा मजला. खिडकीतून दुसऱ्या कोणाची तरी वाळत घातलेली बनियन दिसते, बाकी काही नाही. हॉलमध्ये सोफा आहे. त्यावर मी बसून उठलो की सून चादर बदलते. बाई वाईट नाही, पण चादर बदलते.

बायको जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तिची चूल, तिची विळी, तिने पायरीशी लावलेली अबोली, हे सगळं कुलपाआड टाकायचं आणि मी त्या सोफ्यावर जाऊन बसायचं. अबोलीला पाणी कोण घालणार, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, अबोली कुंडीत पण येते."

ती असती तर मशीनचा विषयच निघाला नसता. ती पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. बुधवारी आणि रविवारी सकाळी वाडीतले लोक वाकडे होऊन आमच्या दारात यायचे. उंबऱ्याशी पालथं पडायचं. तिने डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी तीनदा लावायचा. कोणी बोलायचं नाही. कोणी नारळ आणला तर ती परत पाठवायची, काही घेतलं तर गुण जातो म्हणायची. मला हे थोतांड वाटायचं. अजून वाटतं. पण माणसं वाकडी यायची आणि सरळ जायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते कसं, ते मला विचारू नका. मी बर्फवाला.

माझी अडचण निराळी होती. बायकोचा पाय नवऱ्याला लागता कामा नये. चुकून लागला तरी ती हात लावून नमस्कार करायची. लग्नाला सहा महिने झाले नसतील, लादी ओढताना माझ्या कमरेत उसण भरली. लोकांनी उचलून घरी आणला. सगळ्या वाडीची उसण काढणारी बाई घरात, आणि मी चुलीसमोर कण्हत पडलेला.

"पाय लाव गो," मी म्हटलं.

"नाय लावणार. तुमच्यासाठी पाप घेऊ काय डोक्यावर?"

"मग मी मरू काय असाच?"

"उसणीने कोण मरत नाय."

माझी आई तिथेच भाकऱ्या थापत होती. तिने पिठाचे हात पुसले. कारखान्यातलं एक गोणपाट, बर्फावर टाकायचं, मी घरी आणलेलं कोपऱ्यात पडलं होतं. ते तिने ओढलं आणि माझ्या अंगावर टाकलं, डोक्यापासून टाचेपर्यंत. सुनेला म्हणाली, "हा काय तुझा नवरा नाय. हे गोणपाट हाय. लाव पाय."

तिने लावला.

तेव्हापासून ही आमच्या घरातली रीत झाली. आधी कमरेला उंडीच्या बियांचं तेल हाताने चोळायचं, हात चालतो, पाय चालत नाही. मग गोणपाट. मग अंगठा. झालं की ती गोणपाट उचलायची, चारपदरी घडी घालायची, खुंटीवर ठेवायची, आणि तरीसुद्धा खाली वाकून माझ्या पायांना हात लावायची. म्हणजे देवाला फसवायचं आणि वर त्याची माफीही मागायची. मी गोणपाटाखाली हसायचो. पाठ हलली की वरून आवाज यायचा, "गप ऱ्हावा, जागा चुकते."

ज्येष्ठात एका सकाळी ती चहा गाळायला बसली आणि उठली नाही. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

बाराव्याला जेवताना एक बाई मला म्हणाली, "आता आमची उसण कोण काढणार ओ?" मी म्हटलं, तू जेव. माणूस गेलं की लोकांना काय काय आठवतं.

दिवाळीनंतर मुंबईला पोचल्यावर मुलाने फोनवर चित्रं पाठवायला सुरुवात केली. पट्टे, वायरी, डब्या. प्रत्येक चित्रात मशीन लावलेला माणूस हसतोय. कंबर दुखणारा माणूस हसत नाही. ज्याची दुखत नाही त्याला वायरी लावून मला काय दाखवता? एका चित्रातली बाई तर मशीन लावून कणीक मळत होती. मी मुलाला सांगितलं, ही चित्रं बंद कर. तो म्हणाला, "मग तुम्हीच दुकानात जा, हातात घेऊन बघा, म्हणजे नंतर माझ्या नावाने ओरड नको. पण आधी दवाखान्यात विचारून घ्या."

सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीण आहे. तिने मला वाकवलं, पाय उचलायला लावला, टाचणीने पाय टोचून बघितला. मग विचारलं, "आजोबा, छातीत हृदयाचं यंत्रबिंत्र बसवलंय का?"

"छातीत काय नाय आता."

तिचं पेन थांबलं. मग तिने लिहिलं.

मी म्हटलं, "मशीनने कंबर बरी होईल काय, तेवढं सांगा."

"नाही होणार. मशीन दुखणं थोडा वेळ गप्प बसवतं. कंबर सुधारली तर व्यायामाने सुधारेल."

"मग मशीन कशाला घेऊ?"

"दुखणं गप्प बसलं तर तुम्ही व्यायाम कराल, म्हणून."

या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेलं हे एकच माणूस. कसं मशीन बघायचं तेही तिनेच सांगितलं. जोर एकदम नाही, हळूहळू वाढला पाहिजे. वेळ झाली की आपोआप बंद झालं पाहिजे. कातडीला चिकटवायच्या गाद्या खराब होतात, त्या इथे रत्नागिरीत मिळाल्या पाहिजेत. गळ्यावर आणि छातीवर लावायचं नाही, बधिर कातडीवर नाही. आणि बटणं माझ्या बोटांना दाबता आली पाहिजेत. "बाकी खोक्यावर काय लिहिलंय ते वाचू नका," ती म्हणाली. मी वाचणार नव्हतोच, ते इंग्रजीत असतं.

एसटी स्टँडजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार माणूस मोठा, पोट काउंटरवर टेकवून उभा. त्याने पहिला एक काळा पट्टा काढला. खोक्यावर उघडा माणूस, पोटावर चिरे रचल्यासारखे थर.

"काका, हा पट्टा पोटाला बांधायचा. बसल्या बसल्या स्नायू तयार. व्यायामाची गरज नाही."

"तुम्ही बांधता?"

"मला कुठे वेळ मिळतो, काका."

"बसल्या बसल्या ना?"

त्याने पट्टा खोक्यात घातला.

मग एक काळी चकती आली, भाकरीच्या तव्यापेक्षा मोठी. तिच्यावर दोन पावलं छापलेली. "यावर नुसते पाय ठेवायचे. पायातून वीज वर जाते. बसून चालल्यासारखं होतं, काका. मुंबईची माणसं आईवडिलांसाठी हेच नेतात."

नेत असतील. आईवडिलांनी चालू नये, एका जागी बसावं, यातच त्यांची सोय. मी त्या छापलेल्या पावलांकडे बघत राहिलो. माझ्या घरात औषधाचं पाऊल एकच होतं, डावं, टाचेला भेगा पडलेलं. ती प्लॅस्टिकची चकती मी त्याच्याकडे सरकवली. मी म्हटलं, ते आत ठेवा.

तिसरं मशीन मोबाईलसारखं. बारा प्रकारची वीज म्हणे. एक दुखण्यासाठी, एक ताकदीसाठी, एक झोपेसाठी. बाराही प्रकारांना एकच वायर. बटणं मुगाएवढी. माझ्या बोटांची टोकं बर्फाने गेलीत. मी एक दाबायला गेलो तर तीन दाबली गेली आणि दुकानदाराने माझ्या हातातून ते काढून घेतलं.

फळीच्या खालच्या बाजूला एक पांढरा डबा दिसला. दोन वायरी, चार गाद्या, आणि रेडिओला असते तशी फिरवायची गोल खुंटी.

"ते कोणतं?"

"ते जुन्या पद्धतीचं, काका. दवाखानेवाले नेतात. दिसायला काही नाही त्यात."

"मला ते दिवाणखान्यात मांडायचं नाय. हातावर लावा."

त्याने नाराजीने लावलं. आधी मुंग्या आल्या. खुंटी फिरवत गेला तशी माझी बोटं आपोआप आखडायला लागली. माझा हात मला न विचारता दुसऱ्या कोणी हलवावा हे मला आवडलं नाही. पण जोर हळूहळू वाढला, ते खरं. आपोआप बंद होतं काय ते बघायला मी स्टुलावर बसून राहिलो. वीस मिनिटं लागतात म्हणाला. गिऱ्हाईक येत होतं, मला ओलांडून जात होतं. दुकानदार घड्याळाकडे बघत होता, मी डब्याकडे. बंद झालं तेव्हा उठलो. तेच घेतलं.

आता माझा गाढवपणा सांगतो. घरी येऊन मी शर्ट काढला आणि पहिलं काम काय केलं, तर उंडीचं तेल गरम केलं. ते टॉवेलाला लावून, दोन टोकं दोन हातांत धरून, पाठीमागून कमरेवर ओढलं, घासलं. कंबर चांगली चकचकीत झाली. मग हात मागे वळवून अंदाजाने गाद्या लावल्या. पहिली घसरली. दुसरी लेंग्यात गेली. तिसरी एका कडेने चिकटली आणि खुंटी फिरवल्यावर त्या कडेने अशी चावली की मी उभ्या जागी नाचलो. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दुकानात.

"मशीन बोगस आहे तुमचं."

त्याने गादी बोटाने चाचपली, वास घेतला. "काका, हे काय लावलंत?"

"तेल."

"तेल कशाला?"

"आधी तेलच लावतात."

"कोण लावतात?"

उत्तर माझ्याकडे होतं. त्याला द्यायचं नव्हतं. नव्या गाद्या घेतल्या आणि निघालो. कातडी साबणाने धुऊन कोरडी करायची, एवढं तो पाठीमागून ओरडून सांगत होता, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

कोरडी केली. तरी प्रश्न तोच. दुखणारी जागा माझ्या हाताला लागत नाही. ज्याची कंबर धरलीय तो हात मागे कसा वळवणार, हे मशीन करणाऱ्या शहाण्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. चित्रातल्या हसणाऱ्या माणसाला गाद्या कोणी लावल्या, तो माणूस चित्रात नाही. मी एक युक्ती केली. ओसरीच्या खांबाला गाद्या उलट्या टेकवून ठेवल्या, चिकट बाजू माझ्याकडे, आणि पाठ त्यांच्यावर दाबली. एक माझ्या पाठीला आली, कोळिष्टकं घेऊन. बाकीच्या खाली मातीत पडल्या. मुलाचा संध्याकाळी फोन आला, मशीन कसं आहे विचारायला. चांगलं आहे म्हटलं. शिमगा जवळ येत चालला होता आणि मी अजून भिंत धरून उठत होतो.

एका बुधवारी सकाळी शेजारचा तांडेल आला. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य. आता समुद्र सोडलाय त्याने, घरी असतो. एक हात कमरेवर, अंग एका बाजूला कललेलं. उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला.

"काय रे, उसण?"

"व्हय. जन्मभर जाळी ओढली, काय झालं नाय. आज शेगडीचा सिलिंडर सरकवला."

"मग इकडे कशाला आलास? ती नाय आता."

"ठाऊक हाय मेल्या. बुधवार म्हणून निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं."

"मग परत का नाय फिरलास?"

"वळता येत नाय."

मी त्याला खांबाला टेकवून उभा केला. त्याची नजर आत फिरत होती. "मशीन आणलंस म्हणे. वाडीभर झालंय."

"तुझ्यावर लावून बघतो. मेलास तर पोराला कळवीन, मशीन वाईट हाय."

"आणि जगलो तर?"

"तर तू मला लावायचंस. छातीत यंत्र नाय ना बसवलेलं?"

"तंबाखूची पुडी हाय."

"ती काढ."

तो आपणहून उंबऱ्याशी पालथा पडला, नेहमीच्या जागी. मी त्याची कंबर ओल्या फडक्याने पुसली, सुकवली, गाद्या लावल्या, खुंटी फिरवली. तो म्हणाला, पाठीवर जिवंत कोळंबी सोडल्यासारखं वाटतंय. वीस मिनिटं पडून होता. उठला तेव्हा सरळ नव्हता, पण आला त्यापेक्षा कमी वाकडा होता. ती असती तर पूर्ण सरळ गेला असता. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "ते काय सांगतोस मला."

मग मी पालथा पडलो. तांडेलाचा हात म्हणजे नारळाची खवणी. इकडून तिकडे फिरवत विचारायला लागला, "जागा कुठली?"

"डावीकडे. खाली. खाली रे. एवढी नाय."

"नक्की काय ते सांग ना."

मला सांगता येईना. इतकी वर्षं दुखणं माझं, पण जागा तिला ठाऊक होती. मला कधी दाखवावी लागली नाही. मी जमिनीला गाल लावून पडलो होतो आणि समोर भिंतीवरची खुंटी दिसत होती. खुंटीवर गोणपाट, चारपदरी. ज्येष्ठापासून मी त्याला हात लावला नव्हता. आधीची दोन गोणपाटं फाटली, हे तिसरं, शेवटच्या पंधराएक वर्षांचं. ती घडी तिने घातलेली होती.

"ते खुंटीवरचं गोणपाट काढ," मी म्हटलं.

"थंडी वाजते काय?"

"काढ. घडी मोड. शिवण डोक्याकडे, पसर माझ्या अंगावर."

त्याने पसरलं. उंडीचा वास आला. तो म्हणाला, "इथे तर भोक पडलंय रे. आजूबाजूला काळं, तेलकट."

"भोक नाय ते. झिजलंय."

"कशाने?"

"अंगठ्याने."

तांडेलाच्या स्वतःच्या कमरेवर तोच अंगठा किती वेळा पडलाय, त्याला काय समजावून सांगायचं? झिजलेल्या जागेतून त्याने बोट घातलं आणि माझ्या कातडीला टेकवलं. तीच जागा. बोट तसंच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने गोणपाट बाजूला केलं आणि त्याच्या चारी बाजूंनी गाद्या बसवल्या. खुंटी फिरवली. मुंग्या आल्या, मग मांस आखडायला लागलं, सुटायला लागलं. मी काही हसलो नाही. पण वीस मिनिटांनी भिंत न धरता उठलो.

त्यानंतर बुधवारी आणि रविवारी तांडेल येतो. मी त्याला लावतो, तो मला लावतो. मधल्या दिवसांत मी डॉक्टरणीने सांगितलेले व्यायाम करतो. गुडघे छातीशी घ्यायचे, कंबर उचलायची, लहान मुलासारखं लोळायचं. लाज वाटते, म्हणून दार लावून करतो. मशीनबद्दल माझं मत विचाराल तर ते दुकानदार सांगतो त्याच्या पाव हिश्श्याचंही नाही. दुखणं गप्प बसतं, दुसऱ्या दिवशी परत तोंड उघडतं. त्या पायाला असल्या खुंट्या फिरवाव्या लागत नव्हत्या.

शिमग्याला मुलगा आला. मी खळ्यात कळशी घेऊन उभा होतो, मुद्दाम. भरलेली. अगदी सरळ नव्हतो, पण त्याला सरळ वाटावं इतका होतो. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बघा, मशीन लागू पडलं."

"ठीक हाय मशीन."

"मी सांगत होतो ना."

मी अबोलीला पाणी घातलं. तो तीन दिवस राहिला, कुलपाचं नाव काढलं नाही, आणि एकटा परत गेला.

तांडेल काल येऊन गेला. काम झालं की गोणपाटाची घडी तो घालतो, मी पालथा असतो म्हणून. चुकीची घालतो, तीनपदरी, जाळं गुंडाळल्यासारखी. त्याला शिकवण्यात अर्थ नाही. तो गेला की मी खुंटीवरून काढतो, जमिनीवर पसरतो, वाकतो आणि चारपदरी घालतो.